चौदावा चौकोन

५ जानेवारी, रविवार

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "बाबांकडून आलास की दोन तास माझं डोकं खातोस. आता हिचं खा." तर खातो.

आज गेलो तेव्हा बाबा जागे होते. मी खुर्ची ओढून पलंगाशी बसलो. त्यांचा अंगठा हलला आणि यंत्र बोललं, "एवढं शिकून हेच केलंस?"

आवाज मी निवडलेला आहे, बातम्या देणाऱ्या माणसाचा. सभ्य आणि खणखणीत. शिवी दिली तरी उद्याचं हवामान सांगितल्यासारखी वाटते.

हे यंत्र मी केलंय हे इथे लिहून ठेवतो, कारण घरात कोणी म्हणत नाही. दोन वर्षांपासून बाबांचे स्नायू एकेक करून निकामी होत चाललेत. डोकं शाबूत आहे, ऐकू सगळं येतं, हलतो फक्त उजव्या हाताचा अंगठा. वाचा गेली तेव्हा सगळे तयार यंत्र आणायला निघाले होते. मी म्हटलं थांबा, आणि चार रविवारांत प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीनवर सोळा चौकोन. उजेड एकेका चौकोनावरून सरकत जातो. हव्या त्या चौकोनावर आला की अंगठ्याखालचं बटण दाबायचं, मग त्या चौकोनात साठवलेलं वाक्य यंत्र बोलतं. वाक्यं बाबांनी स्वतः लिहिली आहेत, अक्षरांच्या वेगळ्या पानावर एकेक अक्षर निवडून. एका वाक्याला अख्खी दुपार जायची. चौकोनांवर आम्हाला नुसते आकडे दिसतात, कारण खांद्यावरून कोणी वाचलेलं त्यांना चालत नाही. कुठल्या आकड्यात काय आहे ते त्यांच्या डोक्यात. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन चालवलं. असल्या गोष्टी त्यांच्या बरोबर लक्षात राहतात.

माझा चौकोन चौदावा. कुठला चौकोन कधी आणि किती वेळा दाबला याची यंत्र नोंद ठेवतं, त्यावरून कळलं. मी दारात दिसलो की चौदा.

निघताना आईने चपला घालता घालता गाठलं. "ते अक्षरांचं पान काढून टाकता येईल का रे? दमतात फार. काल दोन तास घेऊन बसले होते, नुसता घाम."

त्यात काय, एका ओळीचं काम. परत आत गेलो, कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये सेटिंग्जची फाइल उघडली. खाली एक ते सोळा आकडे आणि त्यांच्यापुढे बाबांची वाक्यं होती, त्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. वर 'अक्षरपान=१' होतं, त्याचं शून्य केलं आणि सेव्ह केलं. आई मागे ओला टॉवेल घेऊन उभी होती.

"एवढंच?"

"एवढंच. साध्या मजकुराची फाइल आहे. पत्र लिहिण्याइतकं सोपं. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की झालं."

"अस्सं," म्हणाली. तिला काय कळतंय. बावीस वर्षं त्याच छापखान्यात अक्षरजुळणी केली खरी, पण ती यंत्रं कधीच भंगारात गेली. ती जुळवायची, बाबा तपासायचे, लालेलाल करून परत तिच्या टेबलावर. घरीही तेच, फक्त कागद नसायचा.

अक्षरांचं पान बंद केलंय, आता दमायला होणार नाही, असं बाबांना सांगितलं. त्यांनी चौदा दाबला.

१४ जानेवारी, मंगळवार

रविवारी जाता आलं नाही, कामासाठी बाहेरगावी होतो.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीचं सॉफ्टवेअर करते. नव्या आवृत्तीत सेटिंग्ज कुठे ठेवायच्या यावर आज तीन तास काथ्याकूट. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझ्याच टीममधला नोटपॅड. त्याला आम्ही नोटपॅड म्हणतो, कारण जगातली प्रत्येक गोष्ट नोटपॅडमध्ये उघडता आली पाहिजे असा त्याचा हट्ट. बायकोसुद्धा, असं मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो. त्याच महिन्यात ती त्याला सोडून गेली होती हे मला माहीत नव्हतं. खरं तर माहीत होतं.

त्याचं म्हणणं, सेटिंग्ज साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. माणसाला उघडता येते, वाचता येते, दुसऱ्या मशीनवर उचलून नेता येते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं तळघर, सगळ्या प्रोग्रॅमांचा माल एकाच ठिकाणी कोंबलेला. चुकून भलतीकडे हात लागला तर मशीनच आडवं होतं.

मी म्हटलं, म्हणूनच रजिस्ट्री. हात लावायला भीती वाटली पाहिजे. फाइल दिसली की जो तो तिच्यात बोटं घालतो.

"लोकांच्याच तर सेटिंग्ज असतात त्या," तो म्हणाला. काही ठरलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

काय लिहू.

खुर्ची ओढली, बसलो, नेहमीच्या वाक्याची वाट बघत बुटांकडे नजर लावली. यंत्र बोललं, "एवढं शिकून हे चांगलं केलंस."

मला वाटलं, कान वाजले. वर बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते, डोळे मोठे झालेले. उजेड फिरून आला आणि त्यांनी परत दाबलं. "एवढं शिकून हे चांगलं केलंस." मग परत. मान लाल झाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अंगठा थांबेना. मी मोजत होतो. अकरा वेळा.

आई रुमालाने त्यांचे डोळे पुसत होती. मला म्हणाली, "ऐकलंस ना? तुला ऐकायचं होतं ना कधीपासून?" मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. लहान मुलासारखा हमसून रडलो, बाबांचा हात धरून.

अक्षरांचं पान तर बंद आहे, हे घरी आल्यावर आठवलं. म्हणजे आधीच कधीतरी लिहून एखाद्या दुसऱ्या चौकोनात ठेवलं असणार, आणि आज तो निवडला. त्या दिवशी दोन तास घाम गाळला तो याच्यासाठीच! यंत्राची नोंद तपासायला गेलो नाही. काही गोष्टी तपासायच्या नसतात.

२६ जानेवारी, रविवार

आज बायकोही आली. बाबा बदललेत हे तिला दाखवायचं होतं.

आई बोलत असताना यंत्र म्हणालं, "खिडकी बंद कर." आईने उठून बंद केली. पुन्हा बोलायला लागली, पुन्हा "खिडकी बंद कर." तिने ती उघडली आणि परत बंद केली, हसत हसत. बाबांचा श्वास जोरात चालला होता. मग आईने उशी सारखी केली तेव्हा, "तुझ्यामुळे एकेक काम धड होतं." आणि थोड्या वेळाने, "दुसरी कोणी असती तर कधीच सोडून गेली असती."

बायको फिसकन हसली. बाहेर आल्यावर म्हणाली, "हे शेवटचं वाक्य बाबांचं नाही."

"मग कुणाचं?"

"आईंना विचार की."

"आईला काय विचारू? तिला माउस धरता येत नाही."

"तू बघितलंयस कधी, येतो की नाही ते?" सासरचं काही चांगलं झालं की हिच्या पोटात दुखतं.

एक मात्र खरं, बाबा आईकडे बघत नाहीत. ती पाणी पाजायला आली की डोळे मिटून घेतात. लाजत असतील. एवढं गोड बोलायची सवय कुठे आहे त्यांना.

९ फेब्रुवारी, रविवार

यंत्र बंद. म्हणजे चालू आहे, उजेड फिरतो, बाबा दाबतात आणि आवाज येत नाही. सोळाही चौकोन मुके.

फाइल उघडली तर आत नुसती प्रश्नचिन्हं. प्रत्येक आकड्यापुढे ओळीभर प्रश्नचिन्हं, एक अक्षर शिल्लक नाही. फाइल शेवटची बदलल्याची वेळ मंगळवार, सकाळी अकरा दहा. त्या वेळी घरात कोण असतं? नर्सबाई दहाला जाते. आई आणि बाबा दोघंच. म्हणजे विंडोजच्या एखाद्या अपडेटने घोळ घातला.

मंगळवारपासून बाबा मुके आहेत आणि मला कोणी फोन केला नाही! आईला विचारलं तर म्हणाली, "शांतता होती. म्हटलं तू येशीलच रविवारी."

जुनी प्रत माझ्या पेन ड्राइव्हमध्ये आहे, पण तो ऑफिसात. बुधवारी सुट्टी टाकतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर नोटपॅडला म्हणालो, "तुझ्या टेक्स्ट फाइलने माझ्या बापाची वाचा घालवली. घरचं आहे, फाइलमध्येच ठेव, कुणालाही दुरुस्त करता येईल, असं तूच सांगितलं होतंस ना मला?" साहेबांनी तिथल्या तिथे रजिस्ट्रीचा निर्णय दिला. नोटपॅडचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला. वाटलं भांडेल. हळूच म्हणाला, "फाइल आपोआप प्रश्नचिन्हांनी भरत नाही. कोणीतरी ती उघडलीय, बदललीय, आणि सेव्ह करताना जुना प्रकार निवडलाय. त्या प्रकारात देवनागरी बसत नाही, म्हणून प्रश्नचिन्हं झाली. हे माणसाचं काम आहे रे. बघ जरा घरी."

मी म्हटलं, "आमच्या घरी असलं कोणी नाही." हरला की माणूस काहीही बरळतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पेन ड्राइव्हवरची प्रत डिसेंबरातली निघाली, अठ्ठावीस तारखेची. ती भरायची तर वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वाचली.

सोळापैकी दोन कामाची. पाच, 'दुखतंय.' नऊ, 'पाणी.' बाकी चौदा वाक्यं आम्हा लोकांसाठी. 'तोंड बंद कर.' 'तुझ्याच्याने एक काम धड होत नाही.' 'दुसरी कोणी असती तर बरं झालं असतं.' आठवं नर्सबाईसाठी, 'आधी हात धुऊन ये, घाणेरडी.' एकेक अक्षर निवडत, अख्खी अख्खी दुपार घालवून माणसाने हे लिहून ठेवलं. चौदावं माझं ओळखीचं.

आणि चांगलं वाक्य कुठेच नाही. ते नंतर लिहिलेलं, त्यामुळे या प्रतीत असणारच नव्हतं. नव्या फाइलमध्ये होतं, तिची तर प्रश्नचिन्हं झाली. बाबांनी आयुष्यात एकदा मला चांगलं म्हटलं आणि ते मी टेक्स्ट फाइलमध्ये ठेवलं! अक्षरांचं पान पुन्हा चालू करून उपयोग नाही, आता त्यांच्या अंगठ्यात तेवढं बळ नाही, दोन शब्दांत तो लुळा पडतो.

सोळाही वाक्यं रजिस्ट्रीत घातली, फाइल उडवून टाकली. प्रोग्रॅम चालू केला. बाबांनी पहिलं दाबलं ते "तोंड बंद कर." आई काहीच बोलत नव्हती. त्यांनी नुसतं ऐकून बघितलं आणि डोळे चमकले. मग एकापाठोपाठ एक सोळाही दाबले, तोंडपाठ धडा म्हटल्यासारखे. एवढे खूश मी त्यांना दोन वर्षांत बघितले नव्हते.

आई स्वयंपाकघरात निघून गेली.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबा पूर्ण फॉर्मात. नर्सबाई काम सोडून गेली. आई म्हणाली, आठ दिवस आठवा चौकोन ऐकला, नवव्या दिवशी रडत रडत पिशवी उचलली. आता अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं आईवर. तिचं मनगट सुजलंय. मला ते दाखवत होती तर यंत्र म्हणालं, "तोंड बंद कर."

"गेल्या महिन्यात बरं होतं," आई म्हणाली.

"तो बिघाड होता, आई."

"बिघाड होता तर बिघाड. बरं होतं." मग विचारलं, "आता कुठे असतात रे ती वाक्यं?"

मी समजावलं. विंडोजच्या पोटात असतात, तिथे जायला वेगळा रस्ता आहे, तू त्या वाटेला जाऊ नकोस. पण पुन्हा बिघडलं आणि मी नसलो तर काय, म्हणून रजिस्ट्रीतल्या वाक्यांची एक प्रत काढून डेस्कटॉपवर ठेवून दिली. नाव दिलं 'बिघडलं तर'. "हिच्यावर दोनदा टिचकी मारायची, विचारेल तेव्हा 'हो' म्हणायचं. प्रोग्रॅम बंद करून चालू करायचा. सगळं या फाइलीत आहे तसं होईल."

"या फाइलीत आहे तसं," ती म्हणाली.

"हो. कोणालाही जमेल."

मी निघताना चौदा. एकदा गोड खाल्लेल्या माणसाला पुन्हा उपाशी ठेवायचं नसतं.

२ मार्च, रविवार

आज मी एक गोष्ट केली, ती लिहून टाकतो म्हणजे सुटेन.

आई औषधं आणायला गेली होती. बाबांचा डोळा लागला होता. मी रजिस्ट्री उघडली, चौदाव्या चौकोनातलं वाक्य पुसलं आणि लिहिलं, 'एवढं शिकून हे चांगलं केलंस.' त्यांचंच वाक्य. माझ्या चुकीने गेलं होतं, मी परत ठेवलं, एवढंच. त्यांनी ते कुठल्या चौकोनात ठेवलं होतं कोण जाणे. चौदात टाकलं म्हणजे ते 'हेच केलंस?' तरी गेलं. पुन्हा हरवायला नको म्हणून 'बिघडलं तर' ही फाइलही नव्याने काढून ठेवली.

बाबा जागे झाले. मी खुर्ची ओढली. त्यांनी दाबलं.

"एवढं शिकून हे चांगलं केलंस."

या वेळी अकरा वेळा नाही. एकदाच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे. प्रुफावर चूक सापडली की ते असंच बघायचे, कुणाच्या हातून झाली ते शोधत. मी नजर चुकवली. नंतर तासभर त्यांनी बटण दाबलं नाही.

१६ मार्च, रविवार

मागच्या रविवारी तापाने झोपून होतो. आज गेलो तर नवी नर्स दारातच म्हणाली, "तुमचे वडील किती गोड बोलतात हो! आमच्या घरचे म्हातारे बघितले तर..." मी आत गेलो.

आई म्हणाली, डॉक्टर मंगळवारी येऊन गेले. दुखतंय का विचारलं, बाबांनी सांगितलं, बरं वाटतंय. तीनतीनदा विचारलं, तीनतीनदा तेच. म्हणून दुखण्याच्या गोळ्या निम्म्या केल्या.

मी खुर्चीत बसलो. उजेड पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत आला, बाबांचा अंगठा हलला, यंत्र म्हणालं, "बरं वाटतंय." उजेड फिरून आला, "बरं वाटतंय." पुन्हा. "बरं वाटतंय." कपाळावर घाम आणि ओठ निळसर. नर्सने कूस बदलायला चादर काढली तेव्हा कमरेवर शर्टाच्या बटणाएवढी लाल जखम दिसली. "बरं वाटतंय," यंत्र म्हणालं.

हे वाक्य त्या सोळांत नव्हतं. मी वाचली होती ना सगळी.

डेस्कटॉपवरच्या 'बिघडलं तर'वर उजवी टिचकी मारून ती नोटपॅडमध्ये उघडली. उघडली की! रजिस्ट्रीतून काढलेली प्रत म्हणजे साधा मजकूरच असतो, हे मी वीस वर्षं जाणतो आणि आज पहिल्यांदा बघितलं. सोळा ओळी, एकाखाली एक, नीट जुळवलेल्या. पाच, 'बरं वाटतंय.' आठ, 'हात किती मऊ आहेत तुझे.' 'खिडकी बंद कर.' 'दुसरी कोणी असती तर कधीच सोडून गेली असती.' नऊ 'पाणी', ते तेवढं तसंच ठेवलंय. शेवटची बदलल्याची वेळ सकाळी अकराची.

यंत्राची नोंद उघडली. पाचवा चौकोन, या आठवड्यात दोनशे बारा वेळा.

मग मी मागे गेलो. जायला नको होतं. एकोणीस जानेवारी, दुपार. चौकोन चौदा. अकरा वेळा.

कुठला दुसरा चौकोन नव्हताच. ते माझं नेहमीचंच दाबत होते. 'एवढं शिकून हेच केलंस?' एकदा दाबलं, भलतंच ऐकू आलं, म्हणून परत, म्हणून परत, अकरा वेळा, मान लाल होईपर्यंत, आणि मी समोर बसून रडत होतो. काय वाटलं असेल त्यांना माझ्याकडे बघून? दोन महिने मी ते वाक्य उराशी धरून फिरतोय, आणि ते आईने जुळवलेलं.

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"आई, हे तू केलंस?"

"हो."

"पहिल्यांदाही?"

"पहिल्यांदाही. मग एकदा सेव्ह करताना चुकलं माझं. नंतर तू ती टिचकीवाली सोय करून दिलीस, आता चुकत नाही."

"अगं, त्यांना दुखतंय! डॉक्टरने गोळ्या कमी केल्या. जखम झालीय तिथे."

तिने भांडं खाली ठेवलं. "दिवसातून चाळीस वेळा दाबायचे ते. मी आत गेले की तोंड बंद कर. बाहेर आले की दुखतंय. बावन्न वर्षं मी ओळ लावली आणि त्यांनी लाल केली. मी त्यांच्या एका ओळीला हात लावला तर तुला पान्हा फुटला?"

"मी सगळं पूर्वीसारखं करतोय. आत्ता."

"कर. सोळाच्या सोळा कर," आई म्हणाली. "चौदावं पण."

तिने ठेवलेलं भांडं उचलून मी पुसायला लागलो.

"या वेळी मी ती फाइल उघडली तेव्हा चौदावं आधीच लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "माझंच वाक्य होतं. कान्यामात्रेसकट. मला वाटलं, चला, एक तरी ओळ माझी कोणी न खोडता परत लावली."

तिने हात पुसले आणि औषधाची वेळ झाली म्हणून आत गेली. मी भांडं जागेवर ठेवलं. मग कॉम्प्युटरसमोर बसलो. डिसेंबरची प्रत पेन ड्राइव्हवर होती, पेन ड्राइव्ह खिशात होता. बाबांची नजर माझ्या पाठीवर होती, ते न बघता कळत होतं. 'बिघडलं तर' बंद केली आणि उठलो.

फक्त पाचवं बदलता आलं असतं. पण ते बदललं की आई चौदावं बदलणार, तिच्या डोळ्यांत दिसलं मला.

१७ मार्च, सोमवार

नोटपॅडने विचारलं, वडील कसे आहेत.

बरं वाटतंय म्हणतात, मी म्हटलं.

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि खरंच खूश दिसला. त्याला कानाखाली द्यावीशी वाटली.

१९ मार्च, बुधवार

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, गोळ्या पूर्वीएवढ्याच ठेवाव्यात असं मला वाटतं.

"पेशंट स्वतः सांगतोय बरं वाटतंय म्हणून. उगाच जास्त दिल्या तर श्वास मंदावतो," डॉक्टर म्हणाले. "की ते मशीन चुकीचं बोलतं असं म्हणायचंय तुम्हाला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हीच केलंय ना ते? आई सांगत होत्या. कमाल केलीत हो तुम्ही."

"मशीन बरोबर आहे," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर वॉशबेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. जखमेसाठी मलम पाठवून दिलं, चांगल्यातलं.

३० मार्च, रविवार

दोन आठवडे टाळलं, आज गेलो. घर अगदी शांत. नव्या नर्सने सगळं चकचकीत ठेवलंय. आईच्या मनगटाची सूज उतरलीय, ती खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. मोठ्याने वाचत होती. पूर्वी तिची हिंमत नव्हती.

बाबा जागे होते. मी खुर्ची ओढली, बसलो. उजेड सोळा चौकोनांतून फिरला आणि पहिल्यावर आला. पुन्हा फिरला. अंगठा बटणावर होता पण हलला नाही.

"आठ दिवस झाले," आई वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाली. "काही मागत नाहीत. पाणीसुद्धा नाही. आम्ही आपलं वेळेवर पाजतो."

अंगठा गेला की काय म्हणून नर्सला विचारलं. ती म्हणाली, नाही, मी तळव्याला गुदगुल्या केल्या की हलवतात. नोंद उघडून बघितली. बावीस तारखेपासून शून्य. त्याच्या आदल्या दिवशी पाचवा चौकोन एकशे सहा वेळा, त्यानंतर काही नाही. प्रोग्रॅममध्ये दोष नाही, सगळं तपासलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, तो असता तर मला चाललं असतं. आई पान उलटून आत चहा ठेवायला गेली.

"बाबा," मी म्हटलं, "मी आलोय."

उजेड तिसऱ्या ओळीत आला. नऊ, दहा, अकरा, बारा. मी त्यांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला. गार होता, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा हलका. त्यांनी तो काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेवढं बळ होतं अजून. मी सोडला नाही.

तेरा. चौदा.

मी दाबलं.